पावसातलं गुआर्दा आणि ओला चुना

गुआर्दात पाऊस कमी पडतो. स्वित्झर्लंडच्या पूर्वेच्या टोकाला, खालच्या एंगाडिन खोऱ्यात, १,६५३ मीटर उंचीवर हे गाव आहे. वस्ती दीडशेच्या आसपास. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना तीन हजार मीटरच्या घरातले डोंगर उभे असल्यामुळे ढग उत्तरेकडून येवोत की दक्षिणेकडून, बरंचसं पाणी बाहेरच्या उतारांवर सांडून येतात. खोऱ्याच्या वाट्याला वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर उरतो. मी वाईची. आमच्या पश्चिमेला पसरणीचा घाट चढला की पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर, तिथे एका पावसाळ्यात साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो. आणि त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माण-खटाव, जिथे टँकरची वाट बघण्यात उन्हाळे गेलेले आहेत. डोंगराआडच्या गावांचं दुखणं मला कुणी समजावून सांगायला नको. आणि अशा गावाला मी गेले ते नेमक्या पावसाच्या दिवशी.

झुरिकला माझी भाची असते. सप्टेंबरमध्ये तिच्याकडे गेले होते. आदल्या रात्री मोबाइलवर हवामान बघून ती म्हणाली, "मावशी, उद्या दिवसभर पाऊस दाखवतायत. डोंगर काही दिसायचे नाहीत. पुढच्या आठवड्यावर टाकूया का?"

मी म्हटलं, "डोंगर बघायला कुठे चाललोय आपण? भिंती बघायला चाललोय ना?"

हे तिला पटलं, कारण बेत तिचाच होता. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करते. वाई, मेणवली, सातारा ह्या पट्ट्यात. चुन्याचा गिलावा हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे, काळजीचाही आणि आवडीचाही. एंगाडिनमधल्या घरांच्या भिंतींवर करड्या गिलाव्यावर पांढरा चुना लावून, तो ओला असतानाच कोरून नक्षी काढतात, तिला स्ग्राफितो म्हणतात, हे मी पुस्तकांतून बघितलं होतं. भाचीने शोधून काढलं की गुआर्दात एक वयस्क कारागीर बाई एक दिवसात त्याची ओळख करून देतात. तिने दोघींची नावं नोंदवून टाकली. तिला स्वतःला चुन्यातलं काही कळत नाही, पण जर्मन उत्तम येतं, आणि मला नेमकी तीच मदत हवी होती.

सकाळी झुरिकहून निघालो. लांडक्वार्टला मोठी गाडी सोडून रेशियन रेल्वेच्या लाल, अरुंद रुळांच्या गाडीत बसलो. ही गाडी प्रेटिगाउ खोऱ्यातून चढत क्लोस्टर्सला जाते आणि तिथून वेराइना बोगद्यात शिरते. हा बोगदा १९ किलोमीटरचा आहे, १९९९ साली सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात फ्ल्युएला घाट बर्फाने बंद झाला की ह्या खोऱ्यातल्या लोकांना झुरिककडे यायला फार मोठा वळसा पडायचा. आता मोटारीसुद्धा गाडीवर चढवून पलीकडे नेतात. बोगद्याच्या अलीकडे पाऊस होता आणि नेहमीचा अनुभव असा, भाची म्हणाली, की पलीकडे निघालं की ऊन असतं. त्या दिवशी पलीकडेही पाऊसच होता. डब्यातल्या एका आजोबांनी बाहेर बघून समाधानाने मान डोलावली. त्यांना हवा होता तो पाऊस.

गुआर्दाचं स्टेशन खाली इन नदीच्या बाजूला आहे आणि गाव वर दोनशे-सव्वादोनशे मीटर. गाडीच्या वेळेला धरून पोस्टाची पिवळी छोटी बस उभी असते. चालत गेलं तर अर्धा-पाऊण तास लागतो, पण आम्ही बस घेतली. वळणं घेत बस वर गेली, आणि उतरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो आवाज, म्हणजे आवाज नसणं. पाऊस छपरांवर पडत होता, पन्हाळीतून वाहत होता, कुठेतरी कारंजं पडत होतं. बाकी काही नाही. गावात मोटारी जवळपास नाहीतच. गल्लीत गोल दगडांची फरसबंदी, मधूनच उतार, आणि दोन्ही बाजूंना ती घरं.

घरांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ह्या दिवसाला काही अर्थ नाही. तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात, १६२१-२२ मध्ये, ऑस्ट्रियन फौजांनी खालच्या एंगाडिनमधली गावं जाळली. गुआर्दाही जळलं. आज जे उभं आहे ते बहुतेक त्यानंतर, १७ व्या शतकात बांधलेलं. आत लाकडी ओंडक्यांची खोली, बाहेरून तिला दगडी भिंतीचं जाड आवरण, त्यावर चुन्याचा गिलावा. खिडक्या लहान, आणि त्यांच्या बाजू बाहेरच्या अंगाला तिरक्या कापत नेलेल्या, म्हणजे भिंत हात-दीड हात जाड असूनही उजेड आत येतो. दार एवढं मोठं की गवताने भरलेली गाडी आत जावी. ती जातच असे: दारातून थेट घराच्या मधल्या मोठ्या पडवीत, तिला सुलेर म्हणतात, आणि तिथून सरळ मागच्या गवतघरात. गुरं तळघरातल्या गोठ्यात, माणसं त्यांच्या वर, गवत मागे. सगळं एका छपराखाली. वाड्याच्या चौकातून सगळा कारभार चालतो तसा इथे सुलेरमधून चालतो, फक्त आभाळ बंद केलेलं.

बाईंचं कामाचं ठिकाण अशाच एका घराच्या पूर्वीच्या गोठ्यात होतं. कमानीचं ठेंगणं छत, दगडी जमीन, एका बाजूला चुन्याचे डबे, वाळूच्या गोण्या, भिंतीला टेकवलेल्या नमुन्याच्या पाट्या. वय सत्तरीच्या पुढे असावं. पांढरा अंगरखा, त्यावर लोकरीचा स्वेटर, हात चुन्याने कोरडे पडलेले. ते हात मी लगेच ओळखले. आमच्या गवंड्यांचे हात असेच असतात. त्यांनी "आलेग्रा" म्हणून स्वागत केलं. एंगाडिनमध्ये नमस्कार असा करतात. शेजारणीशी त्या रोमान्शमध्ये बोलत होत्या, आमच्याशी जर्मनमध्ये. रोमान्श १९३८ साली देशाची चौथी राष्ट्रभाषा झाली, जनमत घेऊन. ती बोलणारी माणसं देशभरात मिळून साठेक हजार असतील.

पावसाबद्दल भाचीने दिलगिरीच्या सुरात काहीतरी म्हटलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या की चुन्याला आजच्यासारखा दिवस नाही. ह्या खोऱ्यात हवा कोरडी, वरून वारा, उन्हाळ्यात ऊन कडक. गिलावा लावला की तो घाईने सुकतो आणि भुसभुशीत राहतो. मग ओली कापडं बांधा, सावली धरा, पाणी मारत बसा. आज हे काहीच करायला नको.

हे मला भाषांतराशिवाय कळलं असतं. चुना सुकून घट्ट होत नाही. भाजलेली चुनखडी पाण्यात विझवली की तिची ओली लुगदी होते, आणि ती भिंतीवर लावली की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पुन्हा दगड होते. त्या क्रियेला ओल लागते. ओल लवकर उडाली तर चुना पावडर होऊन बोटाला लागतो. सिमेंटच्या सवयीच्या लोकांना ही गोष्ट समजावण्यात माझी निम्मी वर्षं गेली आहेत. एवढ्या लांब, कुणी न विचारता, पहिल्याच वाक्यात ती ऐकायला मिळाली याचं मला फार बरं वाटलं.

कामाला सुरुवात वाळूपासून झाली. इन नदीच्या पात्रातली करडी वाळू होती. चाळून, धुऊन ठेवलेली. बाईंनी मुठीत घेऊन कानाशी नेली आणि चोळली. कुरकुर आवाज आला तर माती नाही. आमच्याकडेही हेच करतात. मग चुन्याचा डबा उघडला. तीन वर्षं पाण्याखाली मुरवलेला चुना, दह्याच्या कवडीसारखा, करणी उभी घातली तर कापलेल्या बाजू तशाच उभ्या राहाव्यात. एक भाग चुना, तीन भाग वाळू. पाणी जवळजवळ नाहीच. मी हात आखडता न घेता कालवायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही हे काम करता?"

भाचीने सांगितलं की मावशी हेच करते. मग बाईंचे प्रश्न सुरू झाले. तुमच्याकडे चुना कशात कालवतात? मी घाणीचं वर्णन केलं: गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक, बैल जोडलेला, चुना आणि वाळू तासन्‌तास मळली जाते. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर. भाचीला हिरड्याला जर्मन शब्द सापडेना, तिने मोबाइलवर चित्र दाखवलं. बाईंनी ते कागदावर काढून घेतलं आणि खाली काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, आमच्याकडे वरच्या पांढऱ्या चुन्यात साय काढलेलं दूध घालायची पद्धत होती, ते चांगलं धरतं.

प्रत्येकीला एक हातभर चौरस भाजक्या मातीची फरशी मिळाली. ती आधी पाण्यात बुडवून काढायची, नाहीतर कोरडी फरशी गिलाव्यातलं पाणी ओढून घेते. मग बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा करडा थर, लाकडी रंध्याने गोल गोल फिरवून एकसारखा केलेला. पोलादी थापीने गुळगुळीत करायचा नाही, कारण मग वरचा पांढरा थर धरत नाही. आणि मग थांबायचं. गिलावा ओढला पाहिजे, म्हणजे बोट दाबलं तर खळगा पडू नये पण गारवा लागावा. कोरड्या दिवशी तासाभरात होतं. पावसाच्या दिवशी दोन-अडीच तास.

"चला, तोवर भिंती बघू," बाई म्हणाल्या आणि छत्री न घेताच बाहेर पडल्या.

पाऊस रिपरिप होता, मोठा नाही. समोरच्या डोंगरांपैकी काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ढग गावाच्या खाली आणि वरही. गुआर्दाला येणारी बहुतेक माणसं उन्हात येतात, घरांचे फोटो मागे डोंगर घेऊन काढतात आणि पुढे चालायला निघून जातात. ढगांनी मागचा पडदाच ओढून घेतला होता, त्यामुळे नजरेला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. भिंत आणि भिंतच.

पहिल्या घरापाशी बाईंनी मला अगदी जवळ नेलं. कोपऱ्यावर खोट्या दगडांची नक्षी होती, म्हणजे गिलाव्यातच कोरून, चिरेबंदी कोपरा असल्याचा आभास. खिडकीभोवती लाटांची पट्टी. दारावर दोन मासे, शेपट्या गुंतलेल्या. समुद्र इथून किती लांब, पण ह्या भिंतींवर मासे, जलपऱ्या, लाटा भरपूर. ही कला इटलीतून आली आणि तिच्याबरोबर ही चित्रंही आली. ह्या खोऱ्यातली माणसं शतकानुशतकं व्हेनिसला जायची, मिठाईवाले म्हणून. १७६६ साली व्हेनिसने त्यांचे हक्क काढून घेतले, तेव्हा ती युरोपभर पांगली. बाहेर कमावलेला पैसा गावातल्या घरांना लागला.

बाईंनी एका कोरलेल्या रेघेवर बोट ठेवलं. पाणी तिच्यातून खाली उतरत होतं. "खालची कड बघा." मी बघितली. रेघेची वरची कड उभी कापलेली होती, खालची कड मात्र तिरकी, बाहेरच्या अंगाला उतरती. पाणी तिथे थांबतच नव्हतं, थेंब येई आणि पुढे निघून जाई. दुसरी रेघ बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांची खालची कड तिरकी. ज्याने कोरलं त्याने तीनशे वर्षांपूर्वी प्रत्येक रेघ ओढताना हात थोडा कलता धरला होता, कारण खाचेत पाणी साठलं तर हिवाळ्यात त्याचं बर्फ होतं, बर्फ फुगतं आणि पांढरी कड उडते. उन्हात मी हे बघितलंच नसतं. पाणी वाहत होतं म्हणून दिसलं.

आणखी एक गोष्ट. कोरड्या भिंतीवर करडा आणि पांढरा यांत फार फरक नसतो, फोटोंत मी ते बघितलं होतं, फिकट वाटायचं. ओल्या भिंतीवर खरवडलेला करडा भाग पाणी पितो आणि गडद होतो. वरची पांढरी कातडी तेवढं पीत नाही. सगळी नक्षी उठून आली होती. गल्लीच्या एका बाजूच्या भिंती पावसाच्या तोंडावर होत्या, दुसऱ्या बाजूच्या आडोशाला. ओल्या बाजूची फुलं वीस पावलांवरून मोजता येत होती, कोरड्या बाजूची जवळ गेल्यावर.

एका मोठ्या वर्तुळाच्या मध्यभागी बारीक भोक होतं. कंपासाच्या टोकाचं. ते कुणी बुजवलं नव्हतं. मी त्यात करंगळीचं नख घालून बघितलं. तेवढंच खोल, मोहरीच्या दाण्याएवढं. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं मी शिडीवर उभी राहून तासन्‌तास बघितली आहेत, तिथेही आखणीच्या रेघा कुठे कुठे दिसतात, आणि प्रत्येक वेळी मला चित्रापेक्षा त्या रेघेपाशी जास्त वेळ थांबावंसं वाटतं. काम करणाऱ्याचा हात तिथे असतो.

बाईंच्या ओळखीच्या एका घरात आम्हाला आत नेलं. दार आडवं कापलेलं, दोन अर्धांचं. वरचं अर्ध उघडं ठेवून उजेड आणि हवा आत घ्यायची, खालचं बंद. सुलेर थंड आणि अंधारी, खुंटीला गुरांच्या गळ्यातल्या मोठ्या घंटा टांगलेल्या. १ मार्चला गावातली मुलं ह्या घंटा गळ्यात घालून गल्ल्यांतून वाजवत फिरतात, हिवाळ्याला हाकलायला. त्या सणाला चालांदामार्झ म्हणतात. त्यापलीकडे श्ट्यूवा, म्हणजे बसायची खोली. भिंती, छत, बाकं, सगळं तिथल्या उंच डोंगरावरच्या एका जातीच्या पाइनचं, आर्वेचं. दार उघडताक्षणी त्या लाकडाचा वास येतो, आणि बाहेर ओल असल्यामुळे जरा जास्तच येत होता. कोपऱ्यात दगडी भट्टी. तिच्यामागे छतात एक लहान झडप. ती उघडली की ऊब वरच्या झोपायच्या खोलीत जाते, आणि भट्टीवर पाय देऊन माणूसही वर जाऊ शकतो. घरातल्या आजींनी भाचीला ती झडप उघडून दाखवली. भाची लगेच वर चढून गेली, आणि आजी अगदी खूश झाल्या.

जेवायला बाईंनी गावातल्या खाणावळीत बार्लीचं सूप सुचवलं. त्यात नेहमी वाळवलेल्या मांसाचे तुकडे असतात; आम्ही दोघी शाकाहारी म्हटल्यावर गाजर, लीक आणि सेलेरीचंच करून दिलं. ह्या खोऱ्यात पूर्वी राय आणि बार्ली पिकायची, गावाभोवती उतारावर ज्या पायऱ्या पायऱ्या दिसतात ती जुनी शेतं. आता बहुतेक ठिकाणी गवत आहे. सूप दाट आणि गरम होतं, त्या थंडीत आठ-नऊ अंशांवर दुसरं काही नको होतं. नंतर अक्रोडाची पोटभर गोड टार्ट. अक्रोड ह्या उंचीवर होत नाही. बाहेरगावी मिठाई करणाऱ्या माणसांनी ती चव परत आणली, असं सांगतात.

खाणावळीत माझं आणि बाईंचं मुख्य बोलणं झालं. सिमेंटबद्दल. मी सांगितलं की आमच्याकडे गेल्या पन्नासेक वर्षांत कित्येक वाड्यांना वरून सिमेंटचा गिलावा लागला. मातीची, विटांची, चुन्यात बांधलेली भिंत पावसाळ्यात पाणी ओढते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटने तिचं तोंड बांधलं की पाणी आत अडकतं, विटा कुजतात, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, आणि मग मालक म्हणतो, बघा, जुनी भिंत टिकत नाही, पाडू. भाची भाषांतर करता करता थांबली. तिने हे माझ्याकडून इतक्या स्पष्टपणे कधी ऐकलं नव्हतं. बाई म्हणाल्या, इथेही मध्यंतरी हेच झालं. सिमेंट मिसळलेला गिलावा घट्ट, लवकर होणारा, म्हणून लोकांनी वापरला, आणि त्याखाली जुन्या भिंती भिजत राहिल्या.

मग गुआर्दा कसं राहिलं? ह्याला एक सरळ उत्तर आहे. गाव ओस पडायला लागलं होतं, घरं मोडकळीला आली होती. १९४० च्या आसपास इथल्याच वास्तुरचनाकाराने, याखन उलरिख क्योन्झ यांनी, सरकारी मदतीने घरामागून घर दुरुस्त करून घेतलं. एखादंच नमुन्याचं घर निवडून बाकीची सोडून दिली असं केलं नाही. गाव म्हणून हातात घेतलं. १९७५ साली गुआर्दाला वाकर पुरस्कार मिळाला, जो स्वित्झर्लंडमध्ये वारसा जपणाऱ्या गावांना-शहरांना देतात. मला ह्यातली महत्त्वाची गोष्ट पुरस्कार वाटत नाही. दुरुस्ती झाली तेव्हा चुन्याचं काम येणारी माणसं शिल्लक होती, आणि दुरुस्तीमुळे त्यांच्या हातांना पुन्हा काम मिळालं, म्हणून त्यांच्याकडून पुढच्यांना शिकता आलं. बाई स्वतः तशाच शिकल्या. आमच्याकडे एक वाडा वाचवायचा तर गवंडी शोधण्यात सहा महिने जातात. एकेका वाड्याच्या मागे लागून हे होणार नाही, आळीच्या आळी, पेठेच्या पेठ घ्यायला हवी, हे मी तिथे बसून पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि भाची निमूट भाषांतर करत होती.

दुपारी परत गोठ्यात. गिलावा ओढला होता. आता चुन्याचं दूध: तोच मुरलेला चुना पाण्यात पातळ केलेला, फडक्यातून गाळलेला. रुंद कुंचल्याने पहिला हात आडवा, जरा थांबून दुसरा उभा. लावताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाटतं, काही लागलंच नाही. घाबरून तिसरा जाड हात मारला तर नंतर त्याला भेगा जातात. थोड्या वेळात पांढरा आपोआप वर येतो.

मग कोरायचं. हत्यारं अगदी साधी: मोठा खिळा, कंपास, लाकडी पट्टी, आणि चपटं टोक केलेल्या दोन पोलादी पट्ट्या. नमुन्यासाठी बाईंनी सहा पाकळ्यांचं फूल दिलं, कंपास न बदलता वर्तुळावर फिरवत नेला की पाकळ्या स्वतःच तयार होतात. आधी रेघ, मग रेघेच्या आतला पांढरा खरवडून काढायचा, करडा दिसेपर्यंत. एक-दोन मिलिमीटर, त्याहून खोल नाही. हाताला जे कळतं ते सांगणं कठीण आहे, पण प्रयत्न करते. पांढरा थर ओलसर असताना खिळा त्यातून सरकतो आणि पुढे बारीक, दमट चुरा लोटला जातो. करड्यात शिरताच वाळूचे कण टोकाला लागायला लागतात, खरखर होते, आणि तिथेच थांबायचं असतं. डोळ्यांआधी हे हाताला समजतं. खालची कड तिरकी ठेवण्यासाठी मनगट बाहेरच्या बाजूला कलतं करावं लागतं, आणि पाच-दहा मिनिटांत ते मनगट भरून येतं. एका अख्ख्या घराच्या दर्शनी भिंतीवर हे करणाऱ्या माणसाला परांचीवर उभं राहून, दिवसाच्या ठरलेल्या तासांत, गिलावा सुकायच्या आत, एवढ्या सगळ्या रेघा कलत्या हाताने ओढायच्या होत्या. चुकलं तर खोडता येत नाही. पुसून परत काढायची सोय ह्या कामात नाही.

बाई मधूनमधून येऊन बघत, बोलत नसत. एकदाच माझ्या हातावर हात ठेवून खिळा किंचित आडवा केला. तेवढ्याने चुऱ्याचा आवाज बदलला.

भाचीने फुलाऐवजी स्वतःच्या मनाने पक्षी काढला. मान जरा आखूड होती, पण डोळा छान आला. बाईंना तो फारच आवडला. त्यांनी त्यांच्या नमुन्यांत ठेवायला मागितला आणि बदल्यात भाचीला स्वतः काढलेली लाटांची एक लहान पाटी दिली.

चार वाजता पाऊस थांबला. ढग अर्धवट वर गेले आणि समोरच्या डोंगरांचे खालचे उतार दिसले, वर ताज्या बर्फाची एक रेघ. भाचीने फोटो काढले. मी पाटी कशी न्यायची ते विचारत होते. बाईंनी ती ओल्या फडक्यात गुंडाळली, वर प्लॅस्टिक, त्यावर जुनी लोकरीची चादर. सांगितलं: आठ दिवस फडकं ओलं ठेवा, हीटरजवळ ठेवू नका, सुटकेसमध्ये उभी ठेवा. आणि वाईत गेल्यावर पावसाळा असेल तर बाहेर पडवीत ठेवा, तिथे ती आणखी घट्ट होईल. मी म्हटलं, सप्टेंबर संपता संपता आमचा पाऊस जातो. त्या म्हणाल्या, मग तुम्ही पाणी मारा, तुम्हाला सांगायला नको.

पाटी न तडकता वाईला आली. आमच्या गवंड्याने, जो माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि ज्याला मी दादा म्हणते, ती उलटसुलट करून बघितली, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, वाळू कुठली?"

मी सांगितलं, नदीची, करडी, त्यांच्याकडच्या दगडाची.

"आपल्याला आता नदीची मिळायची नाही. काळ्या दगडाची कच घेऊन बघू. रंग याच्यापेक्षा गडद येईल." त्याने पाटी खाली ठेवली. "पण कच टोकदार असते, खिळा अडकेल. बारीक चाळणीतून दोनदा काढायला लागेल."

सध्या आम्ही चाळणी शोधतो आहोत.